मांडीच्या दोन स्नायूंचे गुणोत्तर : एका आकड्याची वाटचाल

युरोपातील अव्वल फुटबॉल क्लबांमधील दुखापतींची नोंद स्वीडनचे यान एक्स्ट्रँड आणि त्यांचे सहकारी २००१ पासून सातत्याने ठेवत आले आहेत. २००१-०२ च्या हंगामात एकूण दुखापतींपैकी १२ टक्के दुखापती मांडीच्या मागच्या स्नायूंच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या होत्या. २०२१-२२ च्या हंगामात हा वाटा २४ टक्क्यांवर पोहोचला. याच वीस वर्षांत क्लबांच्या दिमतीला संगणकाशी जोडलेली बलमापक यंत्रे आली, खेळाडूंच्या पाठीवर जीपीएसचे पट्टे आले, आकडे सांभाळणारे स्वतंत्र विभाग उभे राहिले. मोजमाप वाढत गेले आणि दुखापतीही वाढत गेल्या.

या मोजमापांमधला एक आकडा फार जुना आणि फार प्रतिष्ठित आहे. मांडीच्या मागच्या स्नायूंच्या जोराला पुढच्या स्नायूंच्या जोराने भागले की तो मिळतो. तो साधारण ०.६ असावा, त्याखाली गेला तर खेळाडू धोक्यात, असे क्रीडावैद्यकाचे विद्यार्थी कित्येक दशके शिकत आले. हा आकडा आला कोठून आणि त्याच्यावर एवढा भार का पडला, याचा इतिहास विज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याने पाहण्यासारखा आहे.

प्रथम थोडी शरीररचना. मांडीच्या पुढच्या बाजूचा चार स्नायूंचा गट, क्वाड्रिसेप्स, गुडघा सरळ करतो. मागच्या बाजूचे तीन स्नायू गुडघा वाकवतात आणि त्याच वेळी मांडीला कमरेतून मागे खेचतात. कारण त्यांचे एक टोक आपण ज्या हाडावर बसतो तेथे, तर दुसरे गुडघ्याच्या खाली जोडलेले असते. दोन सांध्यांवरून जाणारी ही दोरी आहे. जनावराच्या मागच्या पायातील अशा दोरीला जुन्या मराठीत ‘धोंडशीर’ हा शब्द आहे. मैदानावर मात्र हॅमस्ट्रिंगच रूढ झाला आणि आता तोच चालेल.

वेगाने धावताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा गुडघ्याखालचा भाग एखाद्या लंबकासारखा पुढे झेपावतो. गुडघा उलट्या बाजूला ताणला जाण्यापूर्वी त्या लंबकाला थांबवणे हे हॅमस्ट्रिंगचे काम. फिरणाऱ्या वस्तूची गतिज ऊर्जा कोनीय वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पायाचा वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. आणि हे सारे त्या क्षणी घडते, जेव्हा कंबर वाकलेली, गुडघा जवळजवळ सरळ आणि स्नायू आपल्या सर्वाधिक लांबीच्या आसपास असतो. स्नायू जोर लावत असतो आणि त्याच वेळी लांब होत असतो. २००५ मध्ये अमेरिकेतील ब्रायन हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी एका दुर्मीळ प्रसंगाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेतील चढत्या ट्रेडमिलवर धावणाऱ्या एका स्कीपटूच्या हालचालींची नोंद चालू असतानाच त्याचा हॅमस्ट्रिंग दुखावला होता. मागे वळून आकडेवारी तपासली असता दुखापतीचा संभाव्य क्षण पाय टेकण्याच्या थोडा आधीचा, म्हणजे नेमका हा लंबक थांबवण्याचा निघाला.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून गुणोत्तराकडे वळले की त्याची अडचण लगेच दिसते. ते जन्मले तेव्हा धावण्याशी त्याचा संबंध नव्हता.

आयोवा विद्यापीठातील अस्थिशल्यविशारद आर्थर स्टाइंडलर यांनी १९५५ मध्ये मानवी हालचालींच्या शास्त्रावरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंचे बल वाकवणाऱ्या स्नायूंच्या बलापेक्षा सुमारे ३:२ या प्रमाणात अधिक असावे, असे सर्वसाधारण विधान त्यांच्या नावावर आहे. उलट भागाकार केला की ०.६७ मिळतात. हे एक ढोबळ शारीरिक निरीक्षण होते. कोणाचा स्नायू कधी फाटेल, याचे भाकीत त्यात नव्हते.

ढोबळ निरीक्षणाला दशांशचिन्हाची प्रतिष्ठा मिळवून दिली ती यंत्राने. १९६७ मध्ये हेलन हिस्लॉप आणि जेम्स पेरीन यांनी ‘आयसोकायनेटिक’ व्यायामाची कल्पना मांडली. माणसाने कितीही जोर लावला तरी यंत्राचा दांडा ठरलेल्या कोनीय वेगापेक्षा जलद फिरत नाही. जादा जोर वेगात न जाता विरोधाच्या रूपाने परत येतो आणि मोजला जातो. सायबेक्स या नावाने अशी यंत्रे रुग्णालयांत आणि क्रीडासंस्थांत पोहोचली. खेळाडूला खुर्चीत पट्ट्यांनी बांधायचे, नडगी दांड्याला जखडायची, सेकंदाला ६० अंश या वेगाने पाय सरळ करायला आणि वाकवायला सांगायचे. दोन सर्वोच्च आघूर्णे आणि त्यांचा एक भागाकार.

कल्पना चतुर होती, यात शंका नाही. पण खऱ्या धावण्यात गुडघ्याचा कोनीय वेग सेकंदाला हजार अंशांच्याही पुढे जातो. शिवाय खुर्चीत बसलेल्या माणसाची कंबर जागच्या जागी असते. म्हणजे मोजले जाणारे काम आणि दुखापतीच्या क्षणाचे काम यांत नाव सोडले तर फारसे साम्य उरत नाही.

त्यातच गुरुत्वाकर्षणाची गंमत. बसलेल्या स्थितीत पाय सरळ करताना स्नायूला पायाचे वजनही उचलावे लागते. वाकवताना तेच वजन स्नायूच्या मदतीला येते. दुरुस्ती न करता भागाकार केला तर अंश फुगतो, छेद आक्रसतो आणि गुणोत्तर खोटेच मोठे दिसते. वेग वाढवला की स्नायूंचे आघूर्ण घटते, पण पायाचे वजन तेवढेच राहते. त्यामुळे चूक आणखी वाढते. जुन्या तक्त्यांमध्ये वेगाबरोबर गुणोत्तर वाढत जाताना दिसे आणि त्यातून स्नायूंच्या स्वभावाविषयी अनुमाने निघत. त्यातला बराचसा भाग स्नायूंचा नव्हता, पृथ्वीचा होता. कॅनडातील डेव्हिड विंटर आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या यंत्रांच्या वापरातील अशा चुका दाखवून दिल्या, तोवर पुष्कळ आकडे छापून झाले होते.

दुखापतीशी नाते जोडण्याचे काम १९७० मध्ये ली बर्केट यांच्या निबंधाने केले. अमेरिकन फुटबॉलपटू आणि धावपटू यांच्या अभ्यासावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, दोन्ही पायांच्या हॅमस्ट्रिंगच्या बळात दहा टक्क्यांहून अधिक तफावत असणे धोक्याचे. येथील फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून हाताने चेंडू नेण्याचा खेळ. पण निष्कर्ष एका खेळातून दुसऱ्या खेळात फार सहज प्रवास करतात, आणि हाही केला.

खरी वैचारिक दुरुस्ती व्हायला जी सामग्री हवी होती ती मात्र कितीतरी आधीपासून उपलब्ध होती. स्नायूंच्या कार्यात निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील संशोधनासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे आर्चिबाल्ड हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या मांडीच्या स्नायूवर प्रयोग करून बल आणि वेग यांचे सुप्रसिद्ध समीकरण दिले : स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितका त्याचा जोर कमी. पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेतील बर्नार्ड कॅट्झ यांनी वक्राची दुसरी बाजू तपासली. स्नायू जोर लावत असताना त्याला बाहेरून ताणले, तर तो स्थिर अवस्थेतील कमाल बलापेक्षा कितीतरी अधिक बल सहन करतो. बेडकाच्या स्नायूत जवळपास १.८ पट. १९५२ मध्ये अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या त्रयीने दोन सायकली एकमेकींना पाठमोऱ्या ठेवून साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचे, दुसऱ्याने उलट्या फिरणाऱ्या पेडलांना रोखून धरायचे. दोघांवरचे बल सारखे. पण रोखणाऱ्याला लागणारा प्राणवायू मारणाऱ्याच्या तुलनेत फारच थोडा. ढकलणारा घामाघूम व्हावा आणि अडवणारा निवांत असावा, असा हा प्रयोग. स्नायूचे आखडत काम करणे आणि लांबत काम करणे या भौतिकदृष्ट्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यातून डोळ्यांना दिसले. शरीरक्रियाशास्त्राच्या इमारतीत ठेवलेले हे ज्ञान क्रीडावैद्यकाच्या इमारतीत जायला चार दशके लागली. दोन्ही इमारती बहुधा एकाच आवारात असतात, हे विशेष.

१९९० च्या दशकात डेन्मार्कमधील पेर ऑगार्ड आणि सहकाऱ्यांनी भागाकाराची मांडणीच बदलली. धावताना किंवा चेंडूला लाथ मारताना क्वाड्रिसेप्स आखडत असतो, तेव्हा हॅमस्ट्रिंग लांबत असतो. मग तुलना आखडणाऱ्या क्वाड्रिसेप्सची लांबणाऱ्या हॅमस्ट्रिंगशी व्हायला हवी. या ‘कार्यात्मक’ गुणोत्तराचे मूल्य गुडघा सरळ होत आलेला असताना एकच्या आसपास जाते. म्हणजे ब्रेक इंजिनाच्या तोडीचा असतो. ०.६ या आकड्याने ज्याला दुबळा ठरवले होते, तो स्नायू त्याच्या खऱ्या कामात दुबळा नव्हता.

मांडणी सुधारली, तरी भाकिताचा प्रश्न उरलाच. ऑस्ट्रेलियात तेथील स्थानिक नियमांच्या फुटबॉलवर दोन अभ्यास पाठोपाठ आले. जॉन ऑर्चर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ३७ खेळाडूंची हंगामापूर्वी चाचणी घेतली. नंतर दुखावलेल्या सहा जणांमध्ये हॅमस्ट्रिंगचा कमकुवतपणा आढळला. १९९८ मध्ये किम बेनेल यांच्या गटाने १०२ खेळाडू तपासले; बारा जण दुखावले आणि चाचणीचा त्यांच्याशी काही संबंध लागला नाही. दुसऱ्या निबंधाच्या शीर्षकातच तसे स्पष्ट लिहिले आहे. सहा किंवा बारा दुखापतींवरून शास्त्र उभे राहत नाही, हे दोन्ही बाजूंना लागू होते.

मग २००८ मध्ये बेल्जियमचे जाँ-लुई क्रॉइझिए आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला आणि वाद मिटल्यासारखे वाटले. बेल्जियम, ब्राझील आणि फ्रान्समधील ४६२ व्यावसायिक फुटबॉलपटूंचा पाठपुरावा, ३५ दुखापती. ज्यांच्या स्नायूंत असमतोल नव्हता त्यांच्यात दुखापतीचे प्रमाण ४.१ टक्के, असमतोल असून तो दुरुस्त केला नाही अशांमध्ये १६.५ टक्के, व्यायामाने तो दुरुस्त झाल्याची यंत्रावर खात्री करून घेतलेल्यांमध्ये ५.७ टक्के. जगभरच्या क्लबांनी यंत्रे घेण्यामागे या अभ्यासाचे मोठे वजन आहे.

हे आकडे सावकाश वाचले पाहिजेत. असमतोल असलेल्या, उपचार न केलेल्या शंभर खेळाडूंपैकी सोळा-सतरा जण दुखावले. म्हणजे त्र्याऐंशी जण दुखावले नाहीत. गटाची जोखीम चौपट, ही गोष्ट खरी. परंतु समोर उभ्या असलेल्या एका खेळाडूला ‘तू दुखावणार’ असे सांगणारा फिजिओ सहापैकी पाच वेळा चुकेल. शिवाय कोणावर उपचार करायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. आणि असमतोलाची सीमारेषा यंत्राच्या बनावटीनुसार बदलत होती : जुन्या गुणोत्तरासाठी ०.४५ ते ०.४७, मिश्र गुणोत्तरासाठी ०.८० ते ०.८९. उपकरण बदलले की निदान बदलावे, ही बाब भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगवहीतही खपणार नाही.

निर्णायक धक्का कतारमधून बसला. दोहा येथील अ‍ॅस्पेटार रुग्णालयात तेथील लीगच्या खेळाडूंची दरवर्षी तपासणी होते. त्या माहितीवर निकोल व्हॅन डाइक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये चार हंगामांचा अभ्यास प्रसिद्ध केला : ६१४ खेळाडू, त्यांपैकी १९० जणांना हॅमस्ट्रिंगची दुखापत. नमुना आता पुरेसा मोठा होता. आढळलेले फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारे होते, पण इतके लहान की व्यक्तीच्या पातळीवर निरुपयोगी. दुखावलेल्यांचा आणि न दुखावलेल्यांचा आलेख एकमेकांवर जवळजवळ पूर्ण पसरलेला. त्याच वर्षी नॉर्वेचे रोआल्ड बार, जे कतारच्या अभ्यासातही सहभागी होते, यांनी दुखापतीचे भाकीत करणाऱ्या चाचण्यांवर एक परखड लेख लिहिला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : एखाद्या गुणधर्माचा दुखापतीशी संबंध असणे वेगळे आणि त्या गुणधर्मावरून दुखावणारा माणूस आधी ओळखता येणे वेगळे, दोन वितरणे एकमेकांत मिसळलेली असतील, तर रेषा कोठेही ओढा, ती चुकीच्या माणसांना दोन्ही बाजूंना टाकणारच.

यात एक उलटा कार्यकारणभावही दडलेला आहे. पूर्वी हॅमस्ट्रिंग दुखावलेला असणे हे नव्या दुखापतीचे फार मोठे लक्षण मानले जाते. दुखावलेला स्नायू बरा झाल्यावरही अनेकदा दुबळा राहतो. तेव्हा यंत्रावर दिसणारा असमतोल येणाऱ्या दुखापतीची सूचना आहे की गेलेल्या दुखापतीची खूण, हे एका मोजमापावरून सांगता येत नाही.

इथवर वाचून सारे श्रम वाया गेले असे वाटू शकेल. तसे झालेले नाही. हॅमस्ट्रिंगने लांबत असताना जोर लावायला शिकले पाहिजे, ही कल्पना बरोबर होती. ती पडताळण्यासाठी यंत्राची गरज नव्हती, इतकेच. ‘नॉर्डिक’ नावाने ओळखला जाणारा व्यायाम असा : खेळाडूने गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरायचे, आणि गुडघ्यांपासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचे, मांडीच्या मागच्या स्नायूंनी जमेल तितका वेळ पडणे रोखायचे, शेवटी हात टेकायचे. २००४ मध्ये नॉर्वेत या व्यायामाची जिममधल्या पाय वाकवण्याच्या यंत्राशी तुलना झाली. दहा आठवड्यांनंतर नॉर्डिक करणाऱ्यांचे लांबत्या अवस्थेतील बळ ११ टक्क्यांनी वाढले. यंत्रावर पाय वाकवणाऱ्यांचे वाढले नाही.

२०११ मध्ये डेन्मार्कमधील येस्पर पीटरसन आणि सहकाऱ्यांनी ५० संघांतील ९४२ फुटबॉलपटूंवर यादृच्छिक चाचणी केली. कोणाचेही गुणोत्तर मोजून निवड केली नाही. व्यायामाच्या संघांत सगळ्यांनीच व्यायाम केला. व्यायाम करणाऱ्या ४६१ जणांमध्ये १५ दुखापती झाल्या, नेहमीचा सराव करणाऱ्या ४८१ जणांमध्ये ५२. पुढे २०१९ मध्ये व्हॅन डाइक यांनीच ८,४५९ खेळाडूंवरील अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा हा व्यायाम असलेल्या कार्यक्रमांनी हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटवल्याचे दिसले. गुणोत्तराच्या भाकितशक्तीवर ज्यांनी पाणी ओतले, त्यांनीच प्रतिबंधाच्या बाजूने पुरावा गोळा केला, हे मुद्दाम सांगण्याजोगे. भाकीत जमले नाही म्हणून प्रतिबंध अडत नाही. पोलिओचा डोस कोणत्या बाळाला पोलिओ होईल हे आधी ओळखून दिला जात नाही.

तरीही युरोपातील आकडा १२ वरून २४ वर का गेला? एक उत्तर बार आणि एक्स्ट्रँड यांच्या २०१५ च्या पाहणीत आहे. चॅम्पियन्स लीगमधील आणि नॉर्वेच्या अव्वल लीगमधील संघांना नॉर्डिक कार्यक्रमाविषयी विचारले असता तीन हंगामांच्या १५० संघ-हंगामांपैकी अवघ्या १६ मध्ये तो पूर्णपणे पाळला गेलेला आढळला. दुसऱ्या दिवशी मांडी भरून येते, आठवड्याला दोन सामने असतात, प्रशिक्षकाला ताजे पाय हवे असतात. चटईवर गुडघे टेकून करायच्या व्यायामाला यंत्राचे तेज नाही, हेही कारण असावे. मात्र पाहणीत असा रकाना नव्हता.

भारतातील वाचकाला यातला खर्चाचा भाग विशेष जाणवेल. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेसारख्या ठिकाणी किंवा मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांत लाखो रुपयांचे बलमापक यंत्र असू शकते. परंतु येथील फुटबॉल मुख्यतः खेळला जातो तो कोलकात्याच्या मैदानावर, मणिपूर-मिझोरमच्या डोंगरांत, गोव्याच्या गावांत आणि मलबारच्या सात-सात जणांच्या रात्रीच्या स्पर्धांत. कोल्हापुरात तर संघांची नावेच तालमींची आहेत. तालमीतल्या बैठकांचा मुख्य भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर पडतो. मागच्या स्नायूला लांबत रोखण्याचे काम त्यात फारसे मिळत नाही. घोटे धरायला जोडीदार मिळणे ही तालमीत अवघड गोष्ट नाही. येथे सांगितलेले अभ्यास बहुतांश पुरुष खेळाडूंवरचे आणि परदेशातले आहेत, हे भान मात्र ठेवावे लागेल. मणिपूरच्या मुलींचे काय, याला डेन्मार्कच्या पुरुषांचे आकडे परस्पर उत्तर देत नाहीत.

आयसोकायनेटिक यंत्रे दरम्यान अडगळीत गेलेली नाहीत. गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाडूचा पाय किती सावरला हे पाहायला, एकाच माणसाची महिन्यामागून महिना तुलना करायला ती उपयोगी पडतात. तेथे खेळाडूची तुलना त्याच्याशीच असते. संशोधनाचा झोत मात्र आता स्नायूच्या आतल्या रचनेकडे वळला आहे. ऑस्ट्रेलियातील रायन टिमिन्स आणि सहकाऱ्यांनी १५२ अव्वल फुटबॉलपटूंच्या हॅमस्ट्रिंगमधील तंतुगुच्छांची लांबी अल्ट्रासाउंडने मोजली. ज्यांचे गुच्छ आखूड त्यांची जोखीम चौपट, असे त्यांना आढळले. सीमारेषा १०.५६ सेंटिमीटर, दोन दशांश स्थळांपर्यंत. निबंधाचे साल २०१६. म्हणजे बार यांचा लेख ज्या वर्षी आला तेच.